पहिली ओळ गीताबाईची

मैनाला एका जागी बसवून दाखवा, मी माझी ढोलकी तुमच्या नावावर करतो. टेम्पोत चढली की आधी खिडकीशी, मग मधे, मग मागं सामानावर. हाताला काम नसलं तर बांगड्या मागंपुढं करील, पदराचं टोक वळत बसंल. चहा दिला तर उभ्यानं पिणार. मी दहा वेळा ओरडलोय, "अगो बस ना जरा, मुंग्या चावतात काय?" ती बोलते, "बसलेच हाय ना दादा," आणि उठून उभी ऱ्हाते.

पण ही बाई अशी नव्हती. अठरा वर्षं मी तिला बघतोय, त्यातली सोळा वर्षं ती दगडासारखी गप बसायची. ही तिची चुळबूळ गेल्या दोन वर्षांतली, आणि त्यात थोडा हात माझा पण हाय. थोडा म्हंजे बराच.

मी जयराम, धसईचा. सिद्धगड बेंजो पार्टी माझी. मुरबाड तालुक्यात कोणाच्या हळदीला गेला असाल तर माझी ढोलकी तुमी ऐकलीय, मग नाव म्हाईत नसलं तरी चालंल. आमच्या पार्टीत दोन बाया. पुढं गीताबाई, मागं मैना. गीताबाई ओळ टाकायची, मैना ती उचलायची. उचलणारीला झीलकरीण बोलतात. लोकांना वाटतं, त्यात काय, मागून कोणीपण ओरडंल. तुमी ओरडून बघा एकदा! पुढचीचा दम जिथं संपतो तिथंच हिचा सुरू व्हायला पाहिजे, मधे केसाएवढी फट चालत नाय.

गीताबाईची एक सवय होती. ओळ टाकायच्या आधी मांडीवर दोन बोटांनी दोन थापा मारायची. टक, टक. मग ओळ. मैनाची नजर कायम त्या बोटांवर. नवरी कशी होती विचारा, हिला म्हाईत नाय. कोण पिऊन पडला, कोणाची कोणाशी जुंपली, काय म्हाईत नाय. सोळा वर्षं तिनं मांडवात गीताबाईची दोन बोटं बघितली, दुसरं काय बघितलं नाय.

घरी पण तशीच. सासू बोलली आवणाला, भात लावायला चल, ही चालली. नवरा गणू मुरबाडला कंपनीत लागला, बोलला गाय विकू, ही बोलली विकू. पार्टीत पण ती आपणहून आलेली नाय. गीताबाईनं तिला भाताच्या आवणात गाताना ऐकलं, हाताला धरून माझ्या पडवीत आणलं आणि बोलली, "जयराम, ही माझ्या मागं बसंल." मैनाला कोणी विचारलं पण नाय. ती बसली.

दोन वर्षांमागं गीताबाईच्या नेहाचं लगीन जमलं. एकुलती एक पोर. पाव्हणे शहापूरच्या पुढले, कसाऱ्याच्या रस्त्याला. सासरा रेल्वेत, घर मोठं, माणसं कडक. नेहाची सासू बाईजाबाई. तिनं बघायच्या कार्यक्रमातच बोलून दाखवलं, "आमच्याकडं नाचगाण्यातली माणसं चालत नायत. आधीचं एक स्थळ आमी त्याच्यावरनंच सोडलं." गीताबाई समोरच बसलेली. चहाचा कप खाली ठेवला आणि बोलली, "मी भातसानगरला डबे करते. धरणाच्या कॉलनीत."

ते काय सगळंच खोटं नव्हतं. नवरा धरणावर कामाला होता, कॉलनीत खोली होती, ती महिन्यातनं चार दिवस तिकडं असायची आणि पाचसहा जणांचे डबे करायची. बाकीचे सव्वीस दिवस कुठं असायची तेवढं तिनं सांगितलं नाय. आमचा धंदा सगळा मुरबाडच्या बाजूचा. शहापूरकडं तिला कोण ओळखणार? झाकून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली. "जयराम, आता बास. पोरीचा संसार व्हायचाय."

माझं डोकंच फिरलं. सीझन तोंडावर आलेला, अकरा हळदी घेतलेल्या. मी नको ते बोललो. बोललो, "जा, तुझ्यावाचून काय पार्टी बंद पडत नाय." असं बोलायचं असतं काय, सोळा वर्षं साथ दिलेल्या माणसाला? मैना उंबऱ्याशी उभी होती. जाता जाता गीताबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, बोलली, "तू हाय ना." बस्स, एवढंच. मैनानं मान हलवली.

मे महिन्यात लगीन झालं, धसईलाच. आमची पार्टी नव्हती. दहा गावांना हळदीला नाचवणाऱ्या बाईच्या पोरीच्या लग्नाला भाड्याचा डीजे! मी पाव्हण्यासारखा टोपी घालून एका बाजूला बसलो. अक्षता पडताना आमच्याकडं नवरीची आय मांडवात थांबत नाय. तिनं ते बघायचं नसतं, घरात दारामागं बसायचं असतं. गीताबाई तशी बसली होती. मैना तिच्या बाजूला जमिनीवर, हात धरून. त्या दोघी एका ठिकाणी बसलेल्या मी बघितल्या त्या शेवटच्याच. मग गीताबाई कायमची भातसानगरला गेली.

पार्टीचं काय सांगू? त्या अकरातल्या सात हळदी मी नवीन बायांवर काढल्या. एक मुरबाडची रेश्मा, आवाज गोड, पण सगळं सिनेमातलं. म्हाताऱ्या बाया तोंडावर बोलायच्या, "हे आमच्या टीव्हीवर पण लागतं, तुमाला कशाला बोलावलं?" बाकीच्या चार हळदी हातच्या गेल्या. मैनाला पुढं बस बोललो तर ती बसायची, माइक धरायची आणि तोंड उघडायचीच नाय. मागनं कोणी ओळ टाकली की बरोबर उचलायची.

नवरात्र झाल्यावर मुरबाडच्या विपुलनं मला गाठलं. मोबाईलच्या दुकानावरच्या माळ्यावर त्याचा स्टुडिओ. भिंतीला चादरी लावलेल्या, पंखा बंद, घामानं जीव जायचा. बोलला, "काका, जुनं काहीतरी द्या. आज्यांचं. ते चालतं आता." मी गीताबाईचं गाणं काढलं. तिच्या आजीपास्नं आलेलं, सवालजवाबाचं. पुढची विचारते, मागची सांगते. मैनाचा जवाब असा:

दारामागं हाय गो, ती दारामागं हाय.

पहिल्या कडव्यातला सवाल मी आता सांगत नाय. त्याच्या टायमाला सांगतो.

विपुलनं मैनाच्या कानाला ते मोठं यंत्र लावलं. बेंजो सुरू झाला, माझी ढोलकी सुरू झाली. सवालाची जागा आली. मैना गप. चार मात्रा गेल्या, आठ गेल्या, सगळा सवाल गेला रिकामा, आणि बरोबर त्याच्या टोकाला हिचा आवाज असा काही उठला की विपुल खुर्चीतनं अर्धा वर आला. "दारामागं हाय गो!" दुसऱ्या कडव्याला तेच, तिसऱ्याला तेच. सवालाला गप, जवाबाला बिनचूक.

मी ढोलकी बाजूला ठेवली आणि ओरडलो, "पहिली ओळ कुठं गेली?"

"ती माझी नाय दादा."

"तुझी नाय म्हंजे? सोळा वर्षं ऐकलीस ना!"

"ऐकली. पण तोंडात नाय बसत ती. बायची हाय, गीताबायची."

दहा वेळा केलं. दहा वेळा ती सवालाला तोंड उघडायची आणि आवाज यायचा नाय. शेवटी डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग मी बोललो मी म्हणतो सवाल. म्हटला. विपुलनं मला परत ऐकवला. शेतावरचा पाण्याचा पंप सुरू केल्यासारखं वाटलं, मलाच लाज वाटली. विपुल बोलला, "काका, राहू द्या. जागा मोकळीच ठेवू. नुसता बेंजो वाजू दे." मला वाटलं पोरगं येडं हाय. पण घामानं माझा पण जीव चाललेला. बोललो, ठेव.

गाणं इंटरनेटवर चढवताना त्यानं विचारलं, "गायिका कोण लिहू?"

आता मी तिथं नुसतं 'मैना' बोललो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाय. गीताबाईवरचा राग पोटात होता, आणि जरा मोठेपणा करायची सवय पण. मी बोललो, "लिही, मूळ गायिका मैना." विपुलनं लिहिलं. मैनाला वाचता येतं, पण तिनं ते बघितलं पण नाय.

तुळशीच्या लग्नापर्यंत कोणी विचारलं नाय. मग एकदम पेटलं. का पेटलं सांगू? त्या मोकळ्या जागेमुळं. लोकांनी आपापले सवाल घातले. टोकावड्याच्या एका हळदीत पोरांनी बोंब मारली, "मटण कोणी संपवलं?" आणि स्पीकरवरनं मैनाचा जवाब, "ती दारामागं हाय!" मांडव हसून हसून पडला. त्याचं कोणी मोबाईलवर घेतलं. मग काय! प्रत्येक गावाचा वेगळा सवाल. "पेट्रोल कोणी काढलं?" "करवली कुठं लपली?" कंपनीतली पोरं बोलायची, "पगार कुठं हाय?" क्रिकेटच्या मॅचला बॉल हरवला तरी तेच. बदलापूर, भिवंडी, पार अलिबागपर्यंत. एकवीस लाख लोकांनी ऐकलं, विपुल रोज आकडा सांगायचा. आमाला पुढल्या मेपर्यंत एक तारीख मोकळी नव्हती. माणसं मैनाबरोबर फोटो काढायची, आणि मैना फोटोत पण कायम हललेली, चेहरा पुसट.

सगळे खूष. मैनाचं मात्र तेव्हापास्नं सुरू झालं. मांडवात गाणं सुरू झालं की तिची मान फिरायची उजवीकडं, जिथं गीताबाई बसायची तिथं. लोक सवाल ओरडायचे, ही जवाब द्यायची, आणि उतरल्यावर पहिलं विचारायची, "दादा, बायनं ऐकलं असंल काय?"

"ऐकलं असंल."

"मग फोन का नाय करीत?"

मी सांगायचो, डबे असतील, टाइम नसंल. मला म्हाईत होतं. धसईच्या बाजारात बायांनीच मला ऐकवलेलं. गीताबाईला कोणी तरी मोबाईल दाखवला होता. मूळ गायिका मैना. आणि वर सांगितलं, "बघ गो, मागं बसणारीनं तुझं गाणं खाल्लं." गीताबाईनं ते वाचलं, मोबाईल परत दिला आणि पीठ मळत बसली.

मैना फोन करायची, ती उचलायची नाय. एकदा ही कोणाला न सांगता निघाली. धसईवरनं मुरबाड, मुरबाडवरनं शहापूर, तिथनं भातसानगरची एसटी. अर्धा दिवस गेला जायलाच. कॉलनीत खोली शोधली. खिडकी उघडी होती, गीताबाईनं तिला बघितलं. मैनानं पण तिला बघितलं. आणि दार काय उघडलं नाय. ही बाहेर उभी, आत कुकरच्या शिट्ट्या चाललेल्या. "चार शिट्ट्या झाल्या दादा," मला बोलली. "मग मी आले."

तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं की नाव मी लिहायला लावलं. जीभ नाय उचलली. ढोलकीची दोरी ताणत बसलो. त्या दिवसापास्नं ती टेम्पोत एका जागी बसेनाशी झाली.

यंदा मार्चमधे नेहाचा फोन आला. "जयराममामा, आमच्या भाविकभावजींची हळद हाय. घरात सगळ्यांना ते दारामागंचंच गाणं पाहिजे. सासूबाई बोलतात तीच पार्टी आणा. मी काय करू?"

मी बोललो, "तारीख सांग, येतो."

"मामा, आई पण येणार. विहीण म्हणून. तुमी..." पोरीनं आवाज बारीक केला. "तुमी आईला ओळखू नका. मैनामावशीला पण सांगा. दोन वर्षं होत आली मामा, अजून घरात कोणाला म्हाईत नाय. आता कळलं तर सासूबाई मला आयुष्यभर ऐकवतील, खोटं बोलून पोरगी दिली म्हणून."

मी कबूल केलं. मैनाला सांगितलं तर तिनं माझ्याच ढोलकीवर हात ठेवून शपथ घेतली. "नाय ओळखणार. पण दादा, ती माझ्याशी बोलंल काय?"

"कशी बोलंल? ओळखायचंच नाय ना!"

"मागल्या बाजूला, भांड्यांकडं वगैरे?"

हे तिनं धसई ते शहापूर आठ वेळा विचारलं. शहापूरला मी टेम्पो थांबवला आणि सांगितलं, आता एक शब्द बोललीस तर इथंच उतरवीन. मग ती गप झाली आणि बांगड्या फिरवत बसली. त्या आवाजानं माझं डोकं आणखीन उठलं.

आता दिवसाच्या हळदीची फॅशन आलीय. अकरा वाजता मांडव भरला. वर पिवळी कापडं, खाली पिवळ्या साड्या, भाविक मधोमध पाटावर. नेहा थोरली सून, हळदीची वाटी तिच्या हातात. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर मानाच्या बाया. मधे बाईजाबाई, नाकात नथ, मांडीवर पर्स. आणि तिच्या बाजूलाच गीताबाई.

बारीक झालेली. केस पांढरे, काठाची साडी, डोक्यावरनं पदर. आमच्याकडं तिनं बघितलं नाय. दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसलेली, थंडी वाजल्यासारखी. एप्रिलचं ऊन आणि हिला थंडी कसली? मला कळलं. बोटं आपसूक मांडीवर जातील म्हणून तिनं ती बांधून ठेवली होती.

मैनानं पण बघितलं. पहिली तीनचार गाणी रेश्मानं काढली. मग पोरं ओरडायला लागली, "दारामागं! दारामागं!" बाईजाबाईनं पण मान हलवली, लावा बोलली. मी विठ्ठलाचं नाव घेतलं आणि ठेका धरला.

बेंजो वाजला. सवालाची जागा आली. पोरं तयारच होती, एकदम बोंबलली, "भाविकची झोप कुठं हाय?" हशा उसळला. आता मैना उठणार.

मैना गप.

मला वाटलं माइक बंद पडला. बेंजोवाला ज्ञानेश्वर जुना माणूस, त्यानं गपचूप फेरा परत घेतला. पोरं परत ओरडली, दुसरा सवाल. मैना गप. मी दात चावून बोललो, "घे की गो!" तिनं ऐकलंच नाय. ती समोर बघत होती, गीताबाईच्या पदराकडं, जिथं हात होते तिथं. सोळा वर्षं ज्या बोटांवर ती उठली ती बोटं समोर होती आणि हलत नव्हती. मग ती कशी उठणार? तिनं मुद्दाम नाय केलं हे. देवाशपथ सांगतो, तिच्या हातातच नव्हतं ते.

तिसरा फेरा. हसणं थांबलं. मागनं कोणी बोललं, "बाई विसरली काय?" एकानं शिट्टी मारली. बाईजाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. नेहा हळदीची वाटी धरून उभी, चेहरा पांढराफटक. इतक्या वर्षांची पार्टी, भर मांडवात शोभा. चौथा फेरा सुरू झाला, आता मी ठेका तोडणार एवढ्यात गीताबाईच्या तोंडावर मला राग दिसला. तोच जुना राग. तालाला कोणी चुकलं की तिला तो यायचा, मग समोर पाटील असो नायतर आमदार. पोरीचं सासर, नथवाली विहीण, ते सगळं एका बाजूला ऱ्हायलं. पदर बाजूला झाला, हात बाहेर आला आणि मांडीवर दोन बोटं पडली.

टक, टक.

"सगळी आली मांडवात गो, नवरीची आय कुठं हाय?"

माइक नाय, काय नाय. खुर्चीत बसल्या बसल्या. तो सवाल त्या मांडवात कोणीच कधी ऐकलेला नव्हता. पहिला सवाल हा होता. एकवीस लाख लोकांना म्हाईत नसलेला. सगळ्या माना तिच्याकडं फिरल्या, आणि तिथनं नेहाकडं, कारण त्या घरातली नवरी म्हंजे तीच.

आणि मैना उठली. कशी उठली! पण जवाब बदलून उठली. जिनं आयुष्यात पदरचा एक शब्द काढला नाय, तिनं भर मांडवात म्हटलं,

"मांडवात हाय गो, ती मांडवात हाय!"

माझी थाप चुकली. अठरा वर्षांत पहिल्यांदा चुकली, आणि मला त्याची लाज वाटत नाय. गीताबाई थबकली. डोळे मोठे करून मैनाकडं बघितलं. मग दोन बोटं, दुसरा सवाल. मैनानं उचलला. तिसरा. म्हाताऱ्या बाया उठून नाचायला लागल्या, त्यांना कोणी सांगावं लागलं नाय.

गाणं संपलं तसं बाईजाबाई हळूच बोलली, "विहीणबाई, तुमी?"

गीताबाईनं तोंड उघडलं, पण नेहा मधे आली. वाटी तिच्या हातात तशीच. "हो सासूबाई. माझी आई पार्टीत गायची. सोळा वर्षं. हे गाणं तिचंच हाय. तुमाला सांगितलं नाय ती चूक माझी, मीच तिला गप बसवली." बोलताना हळद साडीवर सांडत होती. पण बोलली सगळं.

बाईजाबाई उठली आणि घरात गेली. जेवणं होईपर्यंत बाहेर आली नाय. उगाच गोड करून सांगत नाय तुमाला. नेहाशी ती पंधरा दिवस धड बोलली नाय, तिचं एकच, "आधी सांगायचं होतं." मग एक दिवस तिनंच भातसानगरला फोन लावला, की बचत गटाच्या बाया विचारतात, ते खरे सवाल जरा लिहून पाठवा. पण हे नंतरचं.

त्या दिवशी आमी सामान भरत होतो. मैना टेम्पोला टेकून उभी, पाय या पायावरनं त्या पायावर. गीताबाई मागल्या बाजूनं आली, हातात पत्रावळीत झाकलेलं जेवण. मी आधी पुढं झालो. आता नाय बोललो तर कधीच नाय. बोललो, "गीताबाई, ते मूळ गायिका मी लिहायला लावलं. हिला म्हाईत पण नव्हतं. आणि हिला तुझी ओळ येत नाय, दहा वेळा केलं, तोंडात बसली नाय. म्हणून ती जागा मोकळी हाय. तुझीच हाय."

मैना माझ्याकडं बघत ऱ्हायली. मला वाटलं आता शिव्या घालंल. त्या पण तिनं घातल्या नायत.

गीताबाई बोलली, "जयराम, तू गाढवच ऱ्हायलास." मग मैनाकडं वळली. दीड वर्षांनी पहिला शब्द. मला वाटलं रडारड होणार. ती बोलली, "आणि तू गो मैने, तिसऱ्या कडव्याला अजून उशिराच येतेस."

मैना बोलली, "तू लवकर सोडतेस बाय."

उलट बोलली! मैना! गीताबाईनं तिला एक चापटी मारली, मग तिचं तोंड दोन्ही हातात धरलं आणि मग जी रडारड झाली ती झालीच. मी टेम्पोच्या मागं जाऊन दोऱ्या आवळत बसलो. जाताना गीताबाई बोलली, "सोमवारी ये. दार उघडं ठेवते."

टेम्पो निघाल्या निघाल्या मी विपुलला फोन लावला आणि नाव बदलायला सांगितलं. पहिलं गीताबाई, मग मैना. तो बोलला, काका, चालू गाण्याचं नाव कोण बदलतं? मी त्याला असा झापला की त्यानं शहापूर यायच्या आधी बदललं. मैनाला दाखवायला मी मागं वळलो.

ती खिडकीशी बसली होती. पत्रावळ मांडीवर, हात त्याच्यावर. बांगड्यांचा आवाज नाय. डोळे मिटलेले. मुरबाड गेलं, रस्त्याला खड्डे लागले, सामान आदळलं, आमी सगळे उडालो. ती जागची हलली नाय. धसईला उतरताना मी हाक मारली तेव्हा कुठं जागी झाली.